आजोबांची सतरा मिनिटं

आमच्या घरात डोकं वापरणारा मी एकटाच आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं वाचून तुमचा गैरसमज व्हायला नको.

आजोबांचं चावीचं मनगटी घड्याळ सतरा मिनिटं पुढे होतं. कुठे उशीर नको म्हणून त्यांनीच तसं लावलेलं. त्यांना जाऊन चौदा वर्षं झाली, पण बाबांनी घड्याळ एक दिवस बंद पडू दिलं नाही. रोज चावी आणि रोज सतराची वजाबाकी! येत्या रविवारी ते मला मिळणार होतं. म्हटलं, आधी जरा माणसात आणू. घड्याळजीकडून साफ करून घेतलं, बरोबर वेळ लावली आणि गुपचूप जागेवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी सवयीनं सतरा मिनिटं वजा केली आणि एकतीस वर्षांच्या नोकरीतला पहिला लेटमार्क खाल्ला. आईनंही वजा केली आणि दातांच्या डॉक्टरांकडचा नंबर घालवला. संध्याकाळी माझ्यावर खटला!

"बरोबर वेळ लावली, हा गुन्हा?"

"गाढवा, बरोबर वेळ भिंतीवरही आहे!" बाबा कडाडले. "ती सतरा मिनिटं माझ्या बापाच्या हातची होती!"

"मग करतो ना परत पुढे!"

"ती तुझ्या हातची होतील!"

आई गाल धरून म्हणाली, "दाढेचं जाऊ दे रे. पण मामंजींची एवढीच तर आठवण होती..."

"बाबा, घड्याळ मला द्या," ताईनं लगेच संधी साधली. "याला कॅलेंडर द्या. त्यात काही बिघडवता येत नाही."

मी तडक घड्याळजीकडे. "काका, आजोबांची सतरा मिनिटं परत हवीत!"

त्यानं डोळ्यावरचं भिंग काढून मला नीट पाहून घेतलं. "कसली सतरा मिनिटं? आत इतका मळ होता की घड्याळ दिवसाला दोन मिनिटं मागे पडत होतं. नवव्या दिवशी आजोबांचा हिशेब खलास! चौदा वर्षं टिकली म्हणजे घरातलंच कुणीतरी काटा फिरवतंय."

मी धावत घरी आलो आणि भर बैठकीत हा बॉम्ब टाकला. 

"पडायचं खरं मागे," बाबा स्वतःच्या चपलांना म्हणाले. "मी दर बुधवारी जरासं... सावरून घ्यायचो."

"अगंबाई! तुम्ही पण?" आई म्हणाली. "मी रविवारी!"

"मी शुक्रवारी," ताई पुटपुटली.

तिघांचेही डोळे भरून आले. आता माफीचा कार्यक्रम होणार, म्हणून मी खुर्चीत ऐसपैस बसलो.

घड्याळ ताईला मिळालं! चौदा वर्षांत ज्यानं एकदाही काटा फिरवला नाही, त्याला आजोबांची कसली माया, असं बाबांचं म्हणणं पडलं.

मंगळवार अजून रिकामा आहे, असं ताई म्हणत होती. बघतो.