नाव कोणी ठेवलं, हे मथुराबाईला पायजे

मथुराबाई पयलं नाव इचारती. मग ते कोणी ठेवलं, ते इचारती. मग का ठेवलं, ते. तुमचं दुखणंखुपणं, लेकरंबाळं, चहापाणी, हे समदं त्याच्या मागून.

चिकलठाण्याला आमची कॉलनी. डोक्यावरून इमानं जातात, त्याच्या आवाजात बी तिचं इचारणं चालूच असतं. सकाळी भाकरी खाल्ली का निघाली. ह्या दारातून त्या दारात. पायात कधी दोन चपला दोन जातीच्या. घरात सुना म्हणतात, "आत्याबाई, बसा की घडीभर." ती म्हणती, "बसून नाव सापडतं का?"

एकदा चक्कर आली म्हून मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं हाताला पट्टा गुंडाळला, तवर हिनं सुरू केलं.

"डॉक्टर, नाव काय तुमचं?"

"निखिल."

"म्हंजे काय?"

पोरगं दचकलं. "म्हंजे... संपूर्ण, आजी. सगळं."

"सगळं? तुमच्या पाठीवर लेकरू नसंल मग."

"नाही. मी एकटाच."

"बघ कचरे!" ती माझ्याकडं वळून म्हणली. "आईनं तिथंच दुकान बंद केलं!"

डॉक्टर हासाय लागला. बाहीर बाकी पेशंट खोळंबले. आराम करा म्हणला, तर ही परत येताना रिक्षावाल्याचं नाव इचारत बसली.

कोपऱ्यावरची नूरबी भाजीवाली तिला लई सोसती. नूरबीनं सांगितलं, "नूर मने उजाला, अम्मा. मेरे पैदा होते वख्त घर में चिराग का तेल खतम था." मथुराबाईला ते एवढं आवडलं, का तिनं दोन जुड्या मेथी जास्तीच घेतली. "उजेड नव्हता म्हून उजेड नाव. शाणी माय गं तुझी." आन घरी येऊस्तोर तोंड पाडून म्हणती, "पर ते नूरबीचं हाये. दुसऱ्याचा उजेड आपुन कसा घ्यावा."

वरच्या मजल्यावर पोरगी झाली, तिचं नाव मायरा ठेवलं. कोणी ठेवलं म्हणलं तर सूनबाई म्हणली, मोबाइलवर काढलं.

"मोबाइल काय आत्या लागतो का तिचा?" मथुराबाई म्हणली. त्या घरानं आठ दिवस तोंड नाय दाखवलं.

माझं नाव कचराबाई. ते तिला लई आवडतं. माझ्या आधीची तीन लेकरं मेली. चौथी मी झाले, तवा आजीनं मला उकिरड्यावर ठेवलं. शेजारणीनं उचललं, आन माझ्या आईनं सुपभर जवारी देऊन तिच्याकडून मला इकत घेतलं. यमाला वाटावं, हे तर कचऱ्यातलं, कशाला न्यायचं. शाळेत चार महिने गेले, पोरं हासायची. मी म्हणायचे, हासा, मी जिती हाये.

मथुराबाई म्हणती, "नाव असावं तर असं. राबणारं."

लोक तिला येडी म्हणतात. मी नाय म्हणत. ती का इचारती, हे मला ठावं हाये.

पन्नास वरसं झाली असतील. दुष्काळ व्हता, आमी दोघी वैजापूरकडं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. मुकादम सकाळी नावं पुकारायचा. तिथंच ती बाळंत झाली, पोरगी. चौथ्या दिवशी परत हातोडा घेतला, नायतर हजेरी बुडती. पोरीला ताप आला, नवव्या दिवशी गेली. बारसं बाराव्याला असतं. तिला नाव मिळालं नाय. पुढं दोन पोरं झाली, शेंद्र्याला कंपनीत हायेत. पोरगी तेवढी एकच.

"वर गेल्यावर हाक काय म्हून मारू गं?" ती मला इचारती. "तिथं का थोड्या पोरी असतील?"

चक्कर आल्यापासून तिची घाई लई वाढली. दिवसातून दोनदा नूरबीकडं, तीनदा माझ्याकडं. कालपरवा दुपारी आली, घामानं चिंब.

"कचरे, तूच ठेव नाव. तिला आत्या नव्हती. तू तिला झोके देत व्हतीस."

खरं हाये. माझ्या पायावर दगड पडला व्हता, म्हून मुकादमानं मला लेकरांपाशी बसवलं व्हतं. बाभळीला झोळी बांधलेली.

मी गव्हातले खडे काढत व्हते. म्हणलं, "आता काय ठेवायचं? मी तिला बाई म्हणायचे."

"कवा?"

"तवाच. ये बाई, रडू नको बाई. नऊ दिवस."

ती माझ्याकडं बघतच राह्यली. "आन आजवर बोलली नाय?"

"तू जगाला इचारलं. मला कवा इचारलं?"

"कचरे, खोटं बोलू नको."

मग मला बोलावंच लागलं. "ती तुझ्यापेक्षा माझ्या मांडीवर जास्ती व्हती, मथुरे. ते तुला कोण्या तोंडानं सांगू?"

ती माझ्यापाशी खाली बसली. मी परत खडे काढाय लागले. दुसरं काय करणार.

गव्हातला एक खडा उचलत ती म्हणली, "हाक मारल्यावर बघायची का?"

"रडायची थांबायची. मान वळवायची."

"बाई," मथुराबाई म्हणली. हळूच. परत म्हणली, "बाई." आन उठून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पातेलं घेऊन दारात हजर. घुगऱ्या. आख्ख्या कॉलनीत वाटत निघाली व्हती. वरच्या सूनबाईनं इचारलं, "कोणाचं बारसं, आजी?"

"माझ्या पोरीचं."

पोरीसोरी तोंडाला पदर लावून हासल्या.

माझ्या वंजळीत तिनं दोन मुठी घातल्या. मीठ टाकायची इसरली व्हती. मी समद्या खाल्ल्या.