तुंगाबाईंची रताळी आणि पाहणी समिती

एका जंगलात, मुलांनो, जिथे झाडांपेक्षा समित्या जास्त होत्या, तिथे साळिंदरांचं एक कुटुंब शेती करत असे. साळिंदरं दुसऱ्यांची शेतं उकरतात अशी त्यांची बदनामी आहे. पण तुंगाबाई आणि त्यांचे यजमान कोंडिबा फक्त स्वतःचंच शेत उकरत. शेत एवढंसं, त्यात रताळ्यांचे वेल.

बांधाला रोज खेकडे भोकं पाडत. रोज सकाळी तुंगाबाई चिखलाचे गोळे घेऊन ती बुजवत. मग घुशी मुळं कुरतडायला येत. तुंगाबाई त्यांच्या बिळात आपला एक गळलेला काटा खोचून ठेवत. हे झालं की चहा. चहा झाला की खेकडे पुन्हा हजर असत.

त्या वर्षी ऊन असं तापलं की ओढा आटला. बंधाऱ्यात थोडं पाणी उरलं, ते पाळीपाळीनं वाटायचं ठरलं. आठ दिवसांत पाणी मिळालं नाही तर वेल गेलेच, हे तुंगाबाईंना पानं बघूनच कळत होतं. त्यांचा जीव टांगणीला लागला.

पाणी समितीचे अध्यक्ष होते गवासाहेब. त्यांनी फार विचार केला आणि जाहीर केलं की ज्या कुटुंबानं सर्वांत मोठ्या संकटाला हसत तोंड दिलं, त्याला पहिली पाळी. टिटवी चिटणीस होती. ती घरोघर अर्ज वाटत गेली.

कोंडिबा अर्ज घेऊन बसले. "तुझं संकट काय लिहू?"

"कसलं संकट?" तुंगाबाई म्हणाल्या.

"अगं, खेकडे हायेत, घुशी हायेत."

"ते व्हय? ते तर सकाळचं काम हाय. त्याला संकट म्हणाया लागले तर चहा कधी पिऊ?"

कोंडिबांनी लिहिलं, 'संकट नाही.' खोटं लिहायची त्या घरात सवय नव्हती, आणि हीच त्यांची घोडचूक झाली.

शेजारचा ससा हुशार. त्यानं गेला महिनाभर बांधाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. बांध ढासळला, घुशींनी निम्मा मका फस्त केला, आणि अर्जाला तीन पुरवण्या जोडाव्या लागल्या. पहिली पाळी त्यालाच मिळणार असं सगळं जंगल बोलू लागलं. तुंगाबाई वेलांपाशी गेल्या आणि त्यांना चक्क रडू आलं.

पण गवासाहेब कडक शिस्तीचे. 'संकट नाही' असं कुणी लिहितं म्हणजे काहीतरी लपवतं, असं त्यांना वाटलं. पत्र आलं, 'उद्या समिती प्रत्यक्ष पाहणीस येत आहे. हार तयार ठेवावा.'

दुसऱ्या दिवशी समिती आली. नऊ गवे आणि एक टिटवी.

समितीनं शेत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग नीट दिसलं नाही म्हणून उलटं येऊन पाहिलं. मग गटागटानं फोटो काढले. वेल मातीत पार गाडले गेले. शेवटी गवासाहेबांनी हार घालून घेतला, खाऊन टाकला आणि विचारलं, "बाई, तुमच्या शेतात तर काहीच दिसत नाही. हे कोणतं संकट?"

"तुम्हीच की, साहेब," तुंगाबाई म्हणाल्या.

साळिंदराला राग आला की त्याचे काटे उभे राहतात आणि खडखड वाजतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. टिटवीला ठाऊक नव्हतं. तिनं लिहून घेतलं, 'कुटुंबानं टाळ्यांच्या गजरात संकटाचं स्वागत केलं.'

झालं. पहिली पाळी तुंगाबाईंना मिळाली. उजाड शेतात पाणी खळाळत आलं.

आता गंमत ऐका. रताळ्याचा वेल मातीत दाबला आणि वर पाणी मिळालं की त्याला पेऱ्यापेऱ्याला मुळं फुटतात. नऊ गव्यांनी दाबलेला वेल तो, फुटला की हो सगळीकडून. तुंगाबाई नाचल्या. कोंडिबाही नाचले, पण लांब उभे राहून. चार महिन्यांत जमिनीखाली इतकी रताळी झाली की खेकड्यांना भोक पाडायला जागा उरेना.

समितीला हे कळायला वेळ लागला नाही. गवासाहेबांनी लगेच 'तुडवणी योजना' काढली. आधी सशाचा उरलेला मका तुडवला. मका काही उठला नाही. ससा मात्र खूश होता, कारण त्याला अर्जासाठी चौथी पुरवणी मिळाली.

मग तुंगाबाईंकडे पत्र आलं, 'उद्या समिती पुन्हा येत आहे. हार तयार ठेवावा.'

तुंगाबाईंनी पत्र दोनदा वाचलं. पदर खोचला. नवरा-बायकोनं मिळून दुपारपर्यंत सगळी रताळी उकरून घरात नेऊन टाकली, एक चहासुद्धा न घेता. वेल मात्र समितीकडून तुडवून घ्यायला होते तसे शेतावर पसरून ठेवले. मग तुंगाबाई निवांत हार ओवत बसल्या. या खेपेला मोठा केला, साहेबांना पोटभर होईल असा.

तात्पर्य : मुलांनो, संकट अचानक कोसळतं ही अफवा आहे. ते आदल्या दिवशी रीतसर पत्र पाठवतं.