चव्हाणसरांचं ‘काहून?’

चव्हाणसरांना नमस्कार केला की ते म्हणायचे, “काल न्हाई केला तुमी. काहून?”

हिंगोलीतल्या आमच्या विद्यापीठाच्या केंद्रात, दोन हजार सालच्या आसपास, ते माहिती विश्लेषक होते. म्हणजे नेमकं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शिपाई शेखमामा सांगायचे, “साब आंकडे खाते.” संगणकाच्या खोलीत चपला काढूनच जायचं, लाईट मात्र निम्मा दिवस नसायची. मग सर आलेखाचा कागद जमिनीवर पसरून मुलांची हजेरी निळ्या आणि मुलींची लाल पेन्सिलीनं काढत बसायचे.

आकडा दिसला की प्रश्न आलाच. आज चारच कप चहा गेला, असं शेखमामा म्हणाले.

“काहून?”

“शक्कर खतम, साब.”

“मंग तसं लिवा ना!”

एका लग्नात तर पंगत मोजली आणि नवरदेवाच्या मामाचा हात धरला. “समद्यांनी बुंदी दोनदा घेतली, तुमी एकदाच. काहून?” मामांना साखरेचा आजार होता, आणि तो त्यांनी सोयऱ्यांपासून लपवलेला होता. मामा रुसले. वरात तासभर अडली.

मी पुसेगावची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. हे मी आजही न विचारता सांगते. शेवटच्या वर्षी कमी हजेरीवाल्यांची यादी फलकावर लागली. त्यांची नावं कमी होणार, परीक्षा बंद. त्यात मी होते, आणि घरी दादांनी आधीच बजावलं होतं, “नाव कटलं की लगीन.”

मी रडत सरांच्या खोलीत शिरले, चपलांसकट. सरांनी चपलांकडे पाहिलं, मग कागदाकडे.

“पुसेगावच्या समद्या पोरी मंगळवारीच गैरहजर. काहून?”

“सर, मंगळवारी बाजार. बस मागच्या गावांतूनच भरून येते, पाय ठेवायला जागा न्हाई. दुसरी बस धरून येईस्तोवर पहिल्या तासाची हजेरी होऊन जाते.”

“सापडलं!”

सर अनवाणीच पळाले. मागे वावभर लांब आलेख फडफडतोय, त्यामागे त्यांच्या चपला घेऊन शेखमामा, त्यामागे मी.

“साहेब,” सर संचालकांच्या दारातूनच ओरडले, “पोरी दांड्या मारून न्हाई राहिल्या, बस भरून येऊन राहिली!”

मागच्यासुद्धा सगळ्या मंगळवारांची हजेरी तिसऱ्या तासाची धरायची ठरली. माझं नाव राहिलं.

बी.ए. झाले तेव्हा पेढे घेऊन गेले. सरांनी टक्के विचारले नाहीत. एक पेढा खाल्ला, दुसरा रुमालात बांधला.

“ताराला. माझी पोरगी. मी हितं खोली करून, ती तांड्यावर आजीपाशी. तुमच्याच बसनं यायची.”

“मग?”

“तुमी यायच्या आदल्या साली नाव कमी झालं. लगीन लावून दिलं.” सर कागदाची घडी बोटानं सपाट करत राहिले. “यादी मीच केलती. आकडे बराबर होते. घरी जाऊन तिला लई बोललो.”

त्यांनी रुमालाची गाठ पुन्हा आवळली.

“विचारलं मात्र न्हाई.”