साठ टक्क्यांवरचा घातपात

"मर्गिलानमध्ये बघण्यासारख्या गोष्टी दोनच," मामासोली पोच्चा म्हणाले. "एक इथलं रेशीम आणि दुसरा मी. रेशीम काय, हल्ली चीनमधूनसुद्धा येतं. माझ्यासारखा माणूस मात्र चीनमध्येही बनत नाही. एकतीस वर्षं रेल्वेत तिकिटं तपासली, इल्होम! माणूस डब्यात चढताना कुठला पाय आधी टाकतो, तेवढ्यावरून सांगायचो की ह्याच्याकडे तिकीट नाही. गुन्हा घडायच्या आधी मला त्याचा वास येतो. नाक आहे हे, नाक! सरकारनं खरं तर ह्याला वेगळं पेन्शन द्यायला हवं."

इल्होमनं त्या नाकाकडे पाहिलं. ते सर्दीनं पार चोंदलेलं होतं.

पोच्चा म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, आपले दाजी. दाजींना तोंडावर काही बोलायची सोय जगात कुठंच नसते, मर्गिलानमध्ये तर नाहीच नाही. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून मोहल्ल्यात काहीही हरवलं की दाजी न बोलावता हजर होत आणि तपास हाती घेत. आजवर तेरा प्रकरणं त्यांनी हाताळली होती. त्यांतल्या अकरा वस्तू आपल्या आपण सापडल्या आणि उरलेल्या दोन कोंबड्या होत्या.

हे चौदावं प्रकरण मात्र इल्होमच्या स्वतःच्या घरातलं, आणि त्याचा जीव खरोखर टांगणीला लागला होता.

इल्होम लग्नांचं चित्रण करायचा. अशा माणसाला तिकडे ऑपरेटर म्हणतात. कॅसेटवर लग्न टिपायचं, घरच्या कॉम्प्युटरवर उतरवायचं, नवरानवरीच्या क्लिपमध्ये गुलाब उमलवायचे, बदाम उडवायचे, नवरीला एका चौकोनी डब्यात घालून गरागरा फिरवायचं आणि शेवटी सगळ्याची डिस्क करायची, हा त्याचा धंदा. बाकी सगळं चुटकीसरशी व्हायचं, पण डिस्कवर चालेल अशी फाइल बनवायला कॉम्प्युटरला तब्बल सात तास लागत, आणि इथंच घोडं पेंड खात होतं.

लग्न होतं शेजारच्या सबोहत ओपांच्या, म्हणजे सबोहतताईंच्या, मुलाचं. नवऱ्याचे वडील तुर्सुनअली दूर सैबेरियात इमारती बांधायला गेलेले. त्यांना रजा मिळाली नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या सुनेनं अंगणात उभं राहून सासरच्या एकेकाला वाकून सलाम करायचा असतो. गाणारी बाई नावं घेत जाते आणि सून वाकत जाते. मुकद्दस, म्हणजे नवी सून, आजेसासऱ्यांना वाकली, सासूला वाकली, आणि मग बाईनं तुर्सुनअलींचं नाव घेतलं. वाकायचं कुणाकडे? मुकद्दस क्षणभर थांबली, मग सरळ कॅमेऱ्याकडे वळली आणि तीनदा वाकली. कॅमेऱ्यामागं उभ्या इल्होमला कसंनुसं झालं. दुसऱ्याच्या घरचा दागिना आपल्या खिशात येऊन पडावा, तसा तो सलाम त्याच्याकडे येऊन पडला होता.

तो ज्याचा त्याला पोचवायला हवा होता. शनिवारी दुपारी चारच्या गाडीनं डिस्क जाणार होती, गार्ड पोच्चांच्या ओळखीचा होता. ही गाडी चुकली तर तुर्सुनअलींची टोळी आणखी उत्तरेला हलणार होती, जिथं टपालसुद्धा जायला कुरकुरतं. त्या बिचाऱ्यानं अजून सूनमुखही पाहिलं नव्हतं.

आणि कॉम्प्युटर रोज मरत होता. दुपारी दोनला मोहल्ल्याची वीज जायची, ती रात्री येई ती इतकी मिणमिणती की दिवासुद्धा पेंगायचा. म्हणून इल्होम पहाटे पाचला फाइल लावायचा आणि त्या दिवशीच्या लग्नघरी पाहुण्यांना पहाटे वाढतात तो पुलाव टिपायला बाहेर पडायचा. अकराला परत येऊन बघतो तो कॉम्प्युटर बंद. मंगळवारी एकसष्ट टक्क्यांवर मेला, बुधवारी अठ्ठावन्नवर, गुरुवारी बरोबर साठावर.

"साठ!" पोच्चा म्हणाले. "माझं वय किती?"

"साठ."

"म्हणजे गुन्हेगार मला आव्हान देतोय."

गुरुवारी सकाळी अकराला पोच्चांनी घटनास्थळाची पाहणी केली. ते कॉम्प्युटरभोवती गुडघ्यांवर तीन फेऱ्या रांगले, मग त्यांनी डब्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

"गरम आहे," ते हळूच म्हणाले. "अजून गरम आहे! ह्याचा अर्थ कळतो तुला?"

"काय?"

"गुन्हेगार आत्ताच ह्याच्यावरून उठून गेला. पूर्ण तीन तास बसला होता. डबा न चेपता बसला, म्हणजे अंगानं किरकोळ. आणि एवढी ऊब सोडून गेला, म्हणजे त्याला ताप आहे."

"पोच्चा, कॉम्प्युटर चालला की गरम होतोच."

"बाहेरच्या माणसाला असंच वाटतं." पोच्चांनी डब्याच्या कडेवरून काहीतरी चिमटीत उचललं. "कापूस!"

मर्गिलानच्या भोवतालच्या, कापूसच पिकवणाऱ्या फर्गाना खोऱ्यात पुरावा म्हणून कापूस सापडणं म्हणजे कोळीवाड्यात माशाचा वास सापडण्यासारखं. पण पोच्चांनी तो कागदात गुंडाळला, कागदावर 'पुरावा क्रमांक एक' लिहिलं आणि कागद टोपीत ठेवला.

"किरकोळ अंगाचा, ताप असलेला, कानात कापूस घालणारा," ते म्हणाले. "गैरत!"

गैरत हा पलीकडच्या गल्लीतला दुसरा ऑपरेटर. तो अंगानं चांगला बैलासारखा होता आणि गेल्या सात वर्षांत शिंकलाही नव्हता. पोच्चा त्याची झडती घ्यायला गेले. दोन तासांनी परतले तेव्हा ओठांना सामश्यांचं, म्हणजे तिकडच्या समोशांचं, तूप होतं आणि मत पार पालटलं होतं.

"निर्दोष आहे. कांदा इतका बारीक चिरणारा माणूस घातपात करूच शकत नाही."

"मग?"

"नवरीची मावशी. साठ टक्क्यांवर पडद्यावर कोण असतं? मी गैरतकडे हिशोब मांडला. तीच, हिरव्या झग्यातली! तिचा चेहरा आला की यंत्र डोळे मिटतं. मी लग्नात दोनदा मिटले होते."

इल्होमनं कपाळावर हात मारला. इतक्यात त्याची आई, ओयी, चहा घेऊन आली. ओयी शहात्तर वर्षांची, ताठ आणि कामसू. तिनं आयुष्यात बारा माणसांचं घर सांभाळलं होतं आणि ते आता दोघांवर आलं तरी तिच्या हातांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

"का रे तोंड पाडून बसलायस?" ती म्हणाली. "झालं ना तुझं? मी बघितलं मघाशी. छान शांत झालंय."

"शांत नाही ओयी, मेलंय ते."

"अशुभ बोलू नकोस," ओयी म्हणाली आणि पोच्चांपुढे जर्दाळू सरकवून गेली.

शुक्रवारी पोच्चांनी स्वतः पहारा द्यायचं ठरवलं. पहाटे पाचला ते कॉम्प्युटरशेजारी बैठक मारून बसले. 'माशीसुद्धा आत येणार नाही,' असं म्हणाले. इल्होम पुलाव टिपायला गेला, अकराला धावत परतला. कॉम्प्युटर बंद होता आणि पोच्चा कुडकुडत बसले होते.

"आलं कुणी?"

"परकं माणूस एकही नाही! रेल्वेची शपथ. डोळ्याला डोळा नाही लागला. तेवढी थंडी मात्र फार वाजली. अंगावर दुलई होती, ती सकाळी नऊच्या सुमाराला कुठं गेली कोण जाणे."

दुलईकडे लक्ष द्यायला इल्होमला वेळ नव्हता. दारात सबोहत ओपा उभ्या होत्या. त्या नेहमी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायच्या. आज आवाज खाली होता.

"इल्होमजान, नसेल होत तर सांग रे. मी त्यांना कळवते की कॅमेऱ्यात पाणी गेलं. काल फोनवर विचारत होते, सून दिसायला कशी आहे म्हणून. मी म्हटलं, बघालच की आता."

खोटं सांगायची वेळ आपल्यामुळं ह्या बाईवर यावी, ह्याची त्याला मनापासून लाज वाटली. "उद्या देतो ओपा," तो म्हणाला. आता कसं देणार, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

शनिवारचं लग्न त्यानं सोडलं. पाचला फाइल लावली. तो स्वतःच डब्यापाशी बसून राहिला असता तर प्रकरण तिथंच मिटलं असतं, पण नऊला पोच्चांनी सगळ्या संशयितांना त्याच खोलीत बोलावलं होतं आणि त्यांना चहा देणं आलं. गैरत आला, सबोहत ओपा आल्या, त्यांच्यामागं डोक्यावरचा रुमाल कपाळापर्यंत ओढून मुकद्दस आली आणि दाराशी उभी राहिली. नव्या सुनेनं वडीलधाऱ्यांपुढे तोंड उघडायचं नसतं, आणि लग्न झाल्यापासून तिनं ते घास खाण्यापलीकडे उघडलं नव्हतं. ओयी कोपऱ्यात बसली. टेबलाखाली कॉम्प्युटर घरघरत होता. पडद्यावर चौपन्न टक्के.

पोच्चा उभे राहिले. त्यांनी रेल्वेची ती जुनी टोपी घातली होती, पुराव्यासकट.

"मित्रहो," त्यांनी सुरुवात केली, "गुन्हेगार ह्याच खोलीत आहे."

"मी जाऊ का?" गैरत म्हणाला. "माझा पुलाव चुलीवर आहे."

"कुणीही हलायचं नाही! गुन्हेगार धूर्त आहे. रोज ह्याच वेळेला येतो आणि ह्याच वेळेला घाव घालतो. आज तो माझ्या डोळ्यांदेखत घाव घालायला धजणार नाही."

ओयी गुडघ्यावर हात टेकून उठली. भिंतीशी रचलेल्या दुलयांतली सर्वांत जाड, कापसानं गच्च भरलेली दुलई तिनं ओढली.

"कारण माझी नजर," पोच्चा म्हणाले, "ससाण्याची आहे. ओयी, जरा बाजूला व्हा, लोकांना मी दिसत नाहीये."

ओयी बाजूला झाली, खाली बसली आणि तिनं ती दुलई कॉम्प्युटरवर पांघरली. चारही बाजूंनी नीट खोचली. मागच्या बाजूला जरा फट राहिली होती, तिथं उशी लावली. वरून दोनदा थोपटलं.

"माझ्या नजरेतून," पोच्चा म्हणाले, "मुंगी सुटत नाही."

गैरतच्या हातातला चहाचा प्याला अर्ध्यावरच थांबला. इल्होमचं तोंड उघडं राहिलं. तेवढ्यात दारातून एक बारीक, न ऐकलेला आवाज आला.

"ओयीजान, ते गुदमरेल."

सगळ्यांनी वळून पाहिलं. मुकद्दस कानापर्यंत लाल झाली होती, पण आता तोंड उघडलंच होतं. "माझ्या माहेरी आहे कॉम्प्युटर. आत पंखा असतो. हवा कोंडली की तापतो आणि जीव वाचवायला आपण होऊन बंद पडतो. मी रोज सकाळी अंगण झाडताना खिडकीतून बघते, ओयीजान त्याला निजवतात. मला वाटलं, ह्या घरची रीत असेल."

"अगं, मग बोलली का नाहीस!" सबोहत ओपा ओरडल्या.

"तुम्हीच सांगितलंत, चाळीस दिवस बोलायचं नाही."

इल्होमनं झडप घालून दुलई ओढली. डबा तव्यासारखा तापला होता, पण घरघर चालू होती. सत्तावन्न टक्के.

"खिडक्या उघडा!" तो किंचाळला.

जानेवारीचा वारा आत घुसला. गैरत टोपीनं वारा घालू लागला, सबोहत ओपा डोक्यावरच्या रुमालानं. पोच्चांनी पुरावा क्रमांक एक असलेली टोपी फिरवली, त्यामुळं पुरावा उडून गेला.

ओयी मात्र दुलई कुशीत धरून तशीच बसली होती. "तूच म्हणालास," ती इल्होमला म्हणाली. "मी विचारलं, काय करतंय हे सात तास? तर म्हणालास, ओयी, विरजण लावलंय. हलवायचं नाही, आपोआप एकाचं दुसरं होतं. आता थंडीच्या दिवसांत विरजण उघडं ठेवतात का? दिवा विझायचा, मी म्हणायचे लागलं, आणि दुलई काढून घडी घालायचे. तू येशील तेव्हा पसारा नको."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! इल्होम हसायला लागला. ओयीचे डोळे भरलेले बघून तो थांबला आणि तिच्या शेजारी जाऊन बसला. "चूक माझी आहे ओयी. तू लावलेलं दही कधी बिघडलंय का?"

"कधीच नाही," ओयी म्हणाली. "ह्यालाच काय धाड भरली, तेच मला कळेना."

"मला पहिल्यापासून संशय होता," पोच्चा म्हणाले. "पण सासूवर आरोप करायचा म्हणजे पुरावा भक्कम लागतो."

सहाजण कोट घालून, दात वाजवत, उघड्या खिडक्यांत पाळीपाळीनं वारा घालत बसले. साडेबाराला शंभर टक्के झाले. डिस्क दोनच्या आत, वीज जायच्या दहा मिनिटं आधी निघाली. पोच्चांनी ती स्वतः गार्डच्या हातात दिली आणि अनेक वर्षांच्या सवयीनं त्याचं तिकीटही तपासलं.

अकराव्या दिवशी सबोहत ओपांकडे फोन आला. त्यांनी गल्लीभर हाका मारल्या. इल्होम, ओयी, पोच्चा, सगळे फोनभोवती बसले. मुकद्दस चहा ओतत होती. पलीकडे कुणीतरी अनोळखी माणूस बोलत होता.

"वहिनी, तुर्सुनअली इथंच आहेत, बरे आहेत. बोलता येत नाहीये त्यांना, एवढंच. आम्ही बत्तीसजण आहोत खोलीत. मशीन नवीन आहे. आम्हाला फक्त एवढंच सांगा, हे मागं कसं घ्यायचं?"

"डावीकडे तोंड असलेले दोन बाण आहेत बघा," इल्होम फोनवर ओणवा होऊन म्हणाला. "ते दाबायचे."

पलीकडे खुटखुट झाली. मग त्या लांबवरच्या खोलीतून, फोनमधून, गाणाऱ्या बाईचा आवाज आला. तिनं तुर्सुनअलींचं नाव घेतलं. त्याबरोबर बत्तीस माणसांच्या खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला, आणि एक घोगरा गळा म्हणाला, "सुखी राहा, पोरी. म्हातारी हो."

मुकद्दसच्या हातातला चहा प्याल्याबाहेर सांडला.

पलीकडे पुन्हा खुटखुट झाली. पुन्हा बाईनं नाव घेतलं, पुन्हा खुर्च्या सरकल्या. मग तिसऱ्यांदा. मग चौथ्यांदा.

सबोहत ओपांनी डोळे पुसले, फोन तोंडाशी ओढला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "अहो, पुरे करा आता! माझ्या सुनेची कंबर मोडाल!"