शून्य मुले, आठ तास झोप

आमच्या बेलफोर्ड कम्युनिटी कॉलेजात विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याची काळजी घेतली जाते. ही काळजी तीन प्रतींत घ्यावी लागते. पांढरी प्रत विद्यार्थ्याकडे राहते, पिवळी सल्लागाराकडे जाते आणि गुलाबी माझ्याकडे येते. मी सल्ला विभागाच्या खिडकीत बसून शिक्का मारतो. पंचवीस वर्षे मारतो आहे आणि अजून एकही शिक्का उलटा पडलेला नाही.

वांडा स्टट्झमन एका ऑगस्टमध्ये माझ्या खिडकीशी आली. वय छत्तीस. गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात ती अकरा वर्षे मदतनीस होती. म्हाताऱ्यांना उठवायचे, न्हाऊ घालायचे, त्यांची कूस बदलायची. आता तिला नर्स व्हायचे होते. नर्सिंगच्या वर्गाचे दार उघडण्याआधी पाच विषय पास व्हावे लागतात: रसायन, शरीररचना एक, शरीररचना दोन, सूक्ष्मजीव आणि संख्याशास्त्र.

"वर्षभरात उरकून टाकीन म्हणते," वांडा म्हणाली.

कार्यालयात हसायचे नसते. मी तिला सल्लागार मिस्टर क्रम यांच्याकडे पाठवले.

क्रम हे अत्यंत मृदू गृहस्थ. त्यांच्या भिंतीवर शांत तळ्याचे चित्र आहे. त्यांनी वांडापुढे 'पेलण्याजोगे वेळापत्रक' हा चारपानी अर्ज ठेवला. माणसाला चोवीस भारांक पेलतात, असे आमच्या समितीने ठरवलेले आहे. पूर्ण वेळ नोकरीचे आठ. प्रत्येक मुलाचे तीन. वांडाला दोन मुली. नवऱ्याच्या रकान्यात दोन पर्याय होते: भार किंवा साहाय्य. वांडा जरा थांबली आणि तिने 'भार'वर खूण केली. त्याचे दोन. एकूण सोळा झाले. उरले आठ, आणि एका विषयाचे सात.

"म्हणजे एका सत्रात एकच विषय," क्रम समाधानाने म्हणाले. "पहिल्या सत्रात अर्थातच वेळेचे नियोजन."

"तो तर यादीत नव्हता."

"नोकरी करणाऱ्यांना सक्तीचा आहे. त्यांना वेळ नसतो ना."

वांडाने पिशवीतून पेन्सिल काढली आणि पांढऱ्या प्रतीच्या मागे आकडेमोड केली. रसायनानंतर उरलेल्या विषयांना दोन वर्षे. मग नर्सिंगची प्रतीक्षायादी अडीच वर्षांची. झाली साडेचार. आणि विज्ञानाचे गुण कॉलेजात चारच वर्षे टिकतात. त्यानंतर ते शिळे.

"अहो मिस्टर क्रम, माझा नंबर लागेल तेव्हा माझं रसायन सहा महिन्यांपूर्वीच नासलेलं असेल!"

"मग पुन्हा घ्यायचं."

"यादीत असतानाच घेतलं तर?"

"विषय चालू असला की नाव यादीतून निघतं. पण यात ताण कुठेय, सांगा बरं?"

"ताण नाहीये हो. पण नर्स होणं कुठेय?"

क्रम यांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. तसा रकाना त्यात नव्हता.

बाहेर बाकावर टेरेसा बसलेली होती. ती आमची जुनी विद्यार्थिनी. रसायन तिसऱ्यांदा घेत होती आणि त्यात तिसऱ्यांदा पहिली येणार होती. तिने वांडाला शेजारी बसवून घेतले.

"रडू नकोस गं. दुसऱ्या खेपेला सोपं जातं. प्रयोगशाळेतल्या उंदराचं नातवंड ओळखते मी आता."

वांडा रडली नाही. तिने समितीकडे विनंती अर्ज केला: दोन विषय एकदम घेऊ द्यावेत. सहा आठवड्यांनी उत्तर आले. विद्यार्थिनीने आपला घरगुती भार कमी केल्यास समितीची हरकत नाही. नवरा 'साहाय्य' ठरल्यास त्याचे उणे चार धरले जातील, असेही खाली बारीक अक्षरांत होते. वांडाने हिशेब केला. बरोबर चौदा भारांक मोकळे होत होते. म्हणजे दोन विषय.

तिचा नवरा डेल ट्रक दुरुस्त करतो. तो हात घासून धुऊन, लग्नातला कोट घालून मुलाखतीला आला.

"मुलींच्या शाळेतल्या बाईंचं नाव?" क्रम यांनी विचारले.

"त्या… ठेंगण्याशा आहेत बघा."

"धाकटीला कशाची ॲलर्जी आहे?"

डेलने वांडाकडे पाहिले. वांडा तळ्याच्या चित्राकडे बघत होती.

"शाळेची?" डेल म्हणाला.

तो भारच राहिला. जिन्यावरून उतरताना त्याचा आवाज माझ्या खिडकीपर्यंत आला. "अगं, मला खोडूनच टाक त्या कागदावरून. गॅरेजमध्ये झोपतो पाहिजे तर." वांडाने त्याचा टाय सरळ केल्याचे मी पाहिले.

सोमवारी ती नवा अर्ज घेऊन आली. अंगावर वृद्धाश्रमाचा निळा गणवेश, छातीवर नावाची पट्टी. अर्जात लिहिले होते: नोकरी नाही. नवरा नाही. मुले शून्य. झोप आठ तास. त्या शून्य मुलांपैकी धाकटे तिच्या कडेवर बसून माझा स्टेपलर ओढत होते.

"आई, या काकांचं नाक लाल का आहे?" शून्याने विचारले.

"गप गं," वांडा म्हणाली. मग माझ्याकडे वळली. तिचा आवाज अगदी खाली आला होता. "आमच्याकडे नव्वद म्हातारी माणसं आहेत, आणि नर्स एकच. गेल्या महिन्यात एका आजोबांना माझ्यासमोर धाप लागली. काय द्यायचं ते मला ठाऊक होतं. द्यायचा अधिकार नव्हता. त्यांचा हात धरून बसले, दुसरं काय करणार? तुम्ही काय ते ठरवा."

आमच्या कार्यालयात अर्ज तपासतात, बाई तपासत नाहीत. अर्ज निर्दोष होता. मी शिक्का मारला.

तिने एका सत्रात तीन आणि दुसऱ्या सत्रात तीन विषय घेतले. म्हाताऱ्यांची कूस बदलताना ती त्यांच्या एकेका हाडाचे नाव घेई. पुढे पुढे म्हातारेच तिला दुरुस्त करू लागले. डेल मुलींच्या वेण्या घालायला शिकला. एकदा प्रयोगशाळेत ती प्लॅस्टिकच्या सांगाड्याच्या खांद्यावर डोके टेकून गाढ झोपली, तेव्हा शिक्षकांनी दिवा बंद केला आणि बाकीचा वर्ग पाय न वाजवता बाहेर नेला. 'वेळेचे नियोजन' बेकारांनाही सक्तीचे असते, त्यांना वेळ फार असतो ना; त्या विषयात मात्र ती काठावर पास झाली. निबंध उशिरा दिला होता.

ती यादीत गेली, यादीतून वर्गात गेली आणि नर्स झाली.

इकडे ही बातमी फुटली. पुढच्या सत्रात टेरेसा खिडकीशी आली. "मलाही शून्य मुलं द्या," म्हणाली. तिला चार आहेत. तिच्यामागे रांग होती. वर्षभरात आमचे सगळे विद्यार्थी अविवाहित, निपुत्रिक, बेकार आणि झोप पूर्ण झालेले निघाले. इतके निवांत विद्यार्थी अख्ख्या ओहायोत कुठे नव्हते. कॉलेजला 'तणावमुक्त परिसर' असे मानचिन्ह मिळाले. क्रम यांना बढती मिळाली आणि भिंतीवर आणखी मोठे तळे मिळाले.

मग समितीची बैठक भरली. एवढा मोकळा वेळ तरुणांना बिघडवतो, यावर एकमत झाले. नर्सिंगच्या पूर्वविषयांत आणखी दोन वाढवण्यात आले. पैकी एक 'व्यावसायिक प्रामाणिकपणा'. त्या वर्गाला जागा पुरत नाही, आणि अर्ज करणाऱ्यांच्या डोळ्यांखाली काळे का असते, यावर अजून कोणी चौकशी नेमलेली नाही.

गेल्या महिन्यात मला चक्कर आली म्हणून गावातल्या दवाखान्यात नेले. पडदा सारून वांडा आत आली. तिने माझ्या दंडाला पट्टा बांधला, मशीनकडे पाहून भुवई उचलली आणि मांडीवर प्रश्नावली घेतली.

"रोज चालता?"

"चाळीस मिनिटं."

"मीठ?"

"जवळजवळ नाहीच."

"गोड?"

"नाताळात. एखादा घास."

तिने माझ्या शर्टाकडे पाहिले. तिथे सकाळच्या डोनटची साखर होती. ती हलकेच झटकली, खाली मान घातली आणि मी सांगितले तसे, शब्द न् शब्द लिहून घेतले.

"गोळ्या वेळेवर?"

"अगदी घड्याळ लावून."

"छान," वांडा म्हणाली. "कागदावर तुमची तब्येत उत्तम आहे."

तुम्हाला हसू येत असेल तर जरूर हसा. फक्त गेल्या खेपेला डॉक्टरांनी हेच विचारले, तेव्हा तुम्ही काय सांगितलेत, तेवढे आठवा. आणि ज्यांनी ते मुकाट लिहून घेतले, त्या नर्सबाई आदल्या रात्री किती तास झोपल्या होत्या, हे तुम्ही विचारले नव्हते.