झुंबर परक्याला पळवतो

एका जंगलात एक तळं होतं आणि त्या तळ्यात पाळीव बदकं राहत होती. जंगलात पाळीव बदकं कशी, असं विचारू नका, मुलांनो. पाळणारा माणूस केव्हाच शहरात निघून गेला होता. बदकांना हे कोणी कळवलं नाही, म्हणून ती अजून पाळीवच होती.

या बदकांत लग्न जमवायची एक रीत होती. नराने बदकिणीपुढे मान वरखाली करायची, शेपटीवरचं कुरळं पीस मिरवायचं. पसंत पडला तर तिनेही मान हलवायची. इथवर सगळं गोड. मग यायची परीक्षा. पाण्यात एक परका नर आणून सोडत. बदकिणीने आपल्या नराच्या आडोशाला जायचं, खांद्यावरून परक्याकडे चोच करायची आणि बोंब ठोकायची. मग तिच्या नराने धावून जाऊन परक्याला चावायचं. परका तळ्याबाहेर पळाला की लग्न पक्कं.

ठमा नावाच्या बदकिणीला झुंबर आवडला होता. मान हलवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. बदकांना हात नसतात म्हणा, पण असते तरी कोणी धरला नसता. झुंबरमध्ये खोट एकच होती. तो फार समजूतदार होता.

"ठमे, चावणं काही मला जमायचं नाही," झुंबर बसक्या आवाजात म्हणाला. नर बदकांचा आवाज बसकाच असतो, त्यात हा मूळचा मवाळ.

"न जमायला काय झालं? त्या करवंटीला चावून बघ."

माणसाने टाकलेली एक करवंटी काठाला पडली होती. झुंबर तिच्यापर्यंत गेला. त्याने हळूच चोच लावली आणि विचारलं, "लागलं का हो?"

ठमाने कपाळावर पंख मारून घेतला.

तळ्यातले सर्वांत जुने बदक म्हणजे बाजीअण्णा. त्यांनी तिला आधीच बजावलं होतं, "हे बघ पोरी, झुंबर नापास झाला तर तुला दौलतच्या गळ्यात बांधणार." हा दौलत परवाच एका ओंडक्याला चावला होता. ओंडका पळेना, म्हणून तो अजून तिथेच चावत होता. त्याच्याकडे बघून ठमाला रडूच फुटलं.

परीक्षेचा दिवस उजाडला. परका म्हणून पलीकडच्या डबक्यातला रंगराव आला. दरवर्षी तोच यायचा. चोचभर गोगलगायी मिळत, त्यावर तो चावून घ्यायचा आणि घरी जायचा.

ठमाने झुंबरच्या मागे जाऊन अशी बोंब ठोकली की झाडावरची माकडं खाली आली. झुंबर निघाला. रंगरावने सवयीने डोळे मिटून घेतले.

"या, या," झुंबर म्हणाला. "वाटेत त्रास नाही ना झाला?"

रंगरावने एक डोळा उघडला. "मला विचारताय?"

"तुम्हालाच. थोडं शेवाळ घेणार?"

रंगरावने दुसराही डोळा उघडला. "इतकी वर्षं येतोय हो मी. सगळे नुसते चावतात!" आणि त्याने अंड्यातून बाहेर आल्यापासूनची हकीकत सांगायला घेतली. झुंबर मान हलवत ऐकत राहिला. शेवटी तो रंगरावला सोबत घेऊनच परत आला.

"ठमे, आमची चर्चा झाली. यांचंही म्हणणं बरोबर आहे. हे आता आपल्याकडेच राहतील. थांब, यांना शेवाळ आणतो." एवढं बोलून झुंबरने पाण्यात बुडी मारली.

दौलतने ओंडका सोडला आणि तो चोच पुसू लागला. ते पाहून ठमाचं डोकंच फिरलं. ती सरळ रंगरावच्या पार्श्वभागाला कडकडून चावली.

"अहो, आत्ता कुठे माझं लहानपण संपत आलं होतं!" असं ओरडत रंगराव झाडीत पळाला.

झुंबर तोंडभर शेवाळ घेऊन वर आला. "गेले वाटतं?"

"गेले," ठमा म्हणाली.

"बघ! गोडीने सांगितलं की कोणीही ऐकतं."

"पण अण्णा, चावली तर ती!" काठावरून कोणीतरी म्हणालं.

बाजीअण्णांनी घसा खाकरला. "आपल्या तळ्यात बाईमाणूस चावल्याचं आजवर कधी घडलेलं नाही. म्हणजे आजही घडलेलं नाही. परका पळाला. झुंबर पास!"

लग्न थाटात झालं. झुंबरने मान डोलवत पाण्यात ठमाभोवती फेरी मारली. मग काठावर बाजीअण्णांनी त्याचा सत्कार केला, अंगावर शाल म्हणून कमळाचं पान घातलं. झुंबरने 'परक्यांना कसे पळवावे' या विषयावर भाषण केलं. दौलत पुढे बसून ऐकत होता.

खरं काय ते याला सांगावं का, असं ठमाच्या मनात आलं. पण झुंबर इतका आनंदात होता, आणि तो तिचा झाला होता. तिला तेवढंच तर हवं होतं. तिने जोरात पंख फडफडवून भाषणाला दाद दिली.

तेवढ्यात भाषणाची कीर्ती ऐकून कुठल्याशा ओढ्यातला एक दांडगा नर तळ्यात शिरला.

"या, या, बसा ना," झुंबर प्रेमाने म्हणाला.

ठमा उठली आणि मागच्या बाजूने हळूच पाण्यात उतरली.

तात्पर्य : मुलांनो, भांडण कधीही करू नये. चर्चेने सगळे प्रश्न सुटतात. फक्त चर्चा चालू असताना मागून चावणारं कोणीतरी हवं.