लाल शाईच्या तक्त्याची हकीकत

श्री वाग्देवी, जी मुखीं असतां आपली आणि सुटली असतां कोणाचीच नव्हे, तीस वंदन करोन हकीकत लिहिली ऐसीजे. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरीं, पौष मासीं, दुपारचें घर निजलें असतां पिठाच्या डब्यावर ठेविला मोबाईल थरथरला आणि झाकण खडखडलें. रेवतीबाईंनीं कुशीतल्या लेकीची झोंप न मोडितां हात लांबविला, निरोप उघडिला, आणि त्यांतलें चित्र बोटांनीं मोठें करोन पुनः पाहिलें. कीं निरोपांत हस्ताक्षर त्यांचेंच होतें.

वर्तमान ऐसें कीं, त्या गांवाच्या राज्यांत निहालभाई म्हणोन तेवीस वर्षांचे सेनापती, मिसरूड नुकतें फुटलेलें. त्यांणीं तरुण मंडळी जमवोन मोहीम मांडिली कीं रयतेस आरोग्य सांगावें, ग्रामसभेंत प्रश्न विचारावयास धीर द्यावा, आणि मोबाईलांतील खरें खोटें निवडावयास शिकवावें. मग समाजमंदिरीं सतरंज्या अंथरिल्या, भोंगा लाविला, पोह्यांचें पातेलें चढविलें, आणि रयत पोह्यांस आली ती शहाणपणास बसली. रेवतीबाईंचें अक्षर मोत्यांचें, म्हणोन तक्ते लिहावयाची कामगिरी त्यांजकडे. तिसरे दिवशीं सेनापती बोलिले, "वहिनी, खोटा निरोप कसा असतो त्याचा एक नमुना लिहा. अगदी खरा वाटला पाहिजे." मग बाईंनीं लाल शाईनें लिहिलें कीं गोवराची लस टोचिली तर बाळाची दृष्टी जाते, थोर डॉक्टर सांगतात, दहा मातांस कळवा, आणि माथां ठसठशीत लिहिलें, हें खोटें आहे. सभा हांसली, टाळ्या पडिल्या. परंतु मागील रांगेंतून कोणी फोटो काढिला, त्यांत माथ्याची ओळ आलीच नाहीं, आणि तक्ता गांवोगांव दौडत सुटला.

रेवतीबाई सेनापतींकडे धांवल्या. ते म्हणाले, खुलासा धाडितों, परंतु तक्ता आपला हें कोठें बोलूं नये, नाहींतर उद्यां सतरंजीवर कुत्रें बसणार नाहीं. मग खुलासा धाडिला आणि तो कोणी वाचिला नाहीं, कीं त्यांत भय नव्हतें. बाईंचे शेजारीं सगुणावहिनी, तान्ह्या पोरापायीं सभेस न आलेल्या. त्यांच्या शंभूस नववा महिना सरलेला, लस त्याच आठवड्यांत टोचावयाची. बाई गेल्या, नानापरी समजाविलें, सोबत येतें म्हणाल्या. सगुणावहिनी पोराचें नाक पुसत, मोबाईलांत आलेला तक्ता दाखवोन म्हणाल्या, "तुझी जुई वाढली, तुला काय गं. आणि अक्षर तरी बघ किती सुरेख. असलं अक्षर खोटं लिहील होय?" तेव्हां सत्य ओठापर्यंत आलें, आणि बाई इतुकेंच बोलिल्या, "बघा वहिनी, विचार करा." मग चहा घेऊन परतल्या.

माघीं गोवर राज्यांत शिरला. शंभू पांच दिवस तापला, मग छाती भरली, आणि इस्पितळाचे वाटेवर रिक्षांतच आईच्या मांडीवर निवला. सगुणावहिनी रडल्या नाहींत. त्याचें टोपडें रोज धुवोन उन्हांत वाळत घालीत राहिल्या, आणि रेवतीबाई खिडकी लावोन घेऊं लागल्या. सेनापतींनीं वरिष्ठांस अहवाल धाडिला कीं गांवची रयत सावध जाहाली.

ऐसी ही मोहीम जाहाली. शहाणपण वांटिलें तें सतरंजीवर राहिलें, खोटें कोणी न वांटितां घरोघर पोहोंचलें, आणि जेथें खरें सांगावयाचें होतें तेथें चहा पिणें जाहालें. मग फाल्गुनीं एके सकाळीं जुई, वय वर्षें सहा, सगुणावहिनींकडे खेळोन आली, आईनें पाटीवर घालोन दिल्या कित्त्याकडे बराच वेळ पाहत उभी राहिली, आणि म्हणाली, "आई, काकूंच्या मोबाईलात तुझं अक्षर कसं गं गेलं? काकू बाहेर दारात थांबल्यात. काय सांगू त्यांना?"